एका ठासणीच्या बंदुकीची नोंद

आमच्या बौद्धवाडीतील वाचनालयात एका काचेच्या पेटीत एक गंजकी बंदूक ठेवलेली आहे. तिच्याखाली कोणती ओळ लिहावी, याविषयी गेली दोन वर्षे वाडीत, गावात आणि तालुक्याच्या कार्यकर्त्यांत वाद चालू आहे. वाद नुसत्या एका चिठ्ठीचा असता तर त्यावर या अंकाची पाने अडवण्याचे मला कारण नव्हते. पण ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, किंवा लिहिलाच नाही, त्यांनी आपल्या हाताने पहिली ओळ लिहिताना तिचा आधार काय असावा, असा तो प्रश्न आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

वाडी दापोली तालुक्यातील. विहाराच्या विस्तारासाठी शेजारचे एक पडके घर उतरवले. घरातली माणसे दोन पिढ्यांपूर्वी मुंबईला गेली, गिरणीत लागली, आणि त्यांचे येणे-जाणे हळूहळू थांबले. जांभ्या दगडाची दीड हात जाडीची भिंत. तिच्यातला एक कोनाडा मातीने आणि चिपांनी बुजवलेला होता. गड्याची पहार तिथे पोकळ लागली. तरटात गुंडाळलेली एक लांब वस्तू निघाली. तरट हातात घेताच भुगा झाले आणि आत ही बंदूक. लाकडी दस्ता वाळवीने अर्धा खाल्लेला, दोन नळ्या गंजून एकजीव झालेल्या, एक घोडा शाबूत, दुसरा तुटून गेलेला.

अशी वस्तू सापडली की पहिला प्रश्न इतिहासाचा नसतो, कायद्याचा असतो. जमिनीत वा भिंतीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावे असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते. आणि बंदूक म्हटली की १९५९ चा शस्त्र कायदा आलाच. त्याच्या ४५ व्या कलमात कालबाह्य बनावटीच्या, पुरावस्तूचे मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे. पण ते हत्यार दुरुस्त करूनही चालू होणार नाही, अशी अट आहे. ‘दुरुस्त करूनही’ या दोन शब्दांसाठी आमची बंदूक अकरा महिने पंचनाम्याची चिठ्ठी गळ्यात बांधून एका कोठडीत पडून होती. सवर्णाच्या वाड्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर आडव्या-उभ्या टांगलेल्या बंदुकांचा पंचनामा झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. असो. ती परत मिळाली, हेही थोडके नव्हे.

ती ताब्यात जाण्यापूर्वीची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. आमच्या वाडीत महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत. बंदूक निघाल्याचे ऐकताच ते धावत आले आणि पहिल्यांदा सगळ्या पोरांना तिच्या तोंडासमोरून बाजूला केले. मग वेताची एक सरळ काठी मागवली. ती उजव्या नळीत सोडली, तोंडाशी अंगठ्याने खूण धरली, काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून धरून पाहिली. काठी थेट बुडापर्यंत गेली होती. तीच काठी डाव्या नळीत सोडली तर ती बुडाच्या तीन बोटे आधीच अडली. हवालदार म्हणाले, “हात लावू नका. हिच्यात बार आहे.” ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेऊ शकते. पुढे शासकीय शस्त्रागाराच्या कारागिरांनी नळी भिजवून तो बार काढला. दारूचा काळा लगदा, नमद्याच्या दोन चकत्या आणि बारीक छर्रे निघाले. म्हणजे कोणी तरी ही बंदूक भरून भिंतीत ठेवली होती. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

आता ओळख. आपल्याकडे जुन्या बंदुकीला सरसकट ‘शिवकालीन’ म्हणण्याची रीत आहे. आमच्याकडे दुसरी रीत सुरू झाली आहे, तिला सरसकट ‘भीमा कोरेगावची’ म्हणण्याची. बंदूक निघाली त्याच संध्याकाळी तशी बातमी फोनवरून चार तालुक्यांत फिरली. कोकणातले महार मुंबईच्या लष्करात मोठ्या संख्येने होते, दापोली हे लष्कराचे जुने ठाणे, आजही जुनी माणसे ‘कॅम्प दापोली’ म्हणतात; तेव्हा १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात लढलेल्या एखाद्या शिपायाची ही बंदूक असणार, असा तर्क झाला. तर्क वेडगळ नव्हता. पण वस्तू स्वतः काय सांगते ते पाहिले पाहिजे.

ती सांगते ते असे. कंपनीच्या पायदळाची बंदूक एकनळी असे. नळी सुमारे ३९ इंच लांब, तोंडाशी संगीन अडकवायला खुंटी, आणि बार उडवायला गारगोटी. घोड्याच्या जबड्यात गार धरलेली असे. ती पोलादावर आपटून ठिणगी पडे, त्या ठिणगीने बाहेरच्या कानातली रंजक पेटे आणि तिथून आग आतल्या दारूला लागे. त्या काळच्या कंपनीच्या हत्याराच्या चापपट्टीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह कोरलेला असे. आमची बंदूक दुनळी आहे. नळ्या तीस इंचांच्या, तोंडाशी पातळ, मधल्या पट्टीवर नेमासाठी मोहरीएवढी मणी. संगीन अडकवायला जागा नाही. शाबूत असलेल्या घोड्याला गार धरण्याचा जबडा नाही. त्याचे तोंड वाटीसारखे खोलगट आहे आणि ते नळीच्या बुडावरल्या एका पोकळ बोंडावर बसते. त्या बोंडावर तांब्याची लहानशी टोपी बसवत. घोडा तिच्यावर आपटला की आतले स्फोटक फुटे आणि आग नळीत उतरे. गारेऐवजी टोपी ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इंग्लंडात निघाली, आणि सैन्याच्या हातात ती पोचेपर्यंत १८४० चे दशक उजाडले. कोरेगावच्या लढाईत टोपीची बंदूक नव्हती. गारेची बंदूक मागाहून टोपीची करून घेत, हे खरे. पण तशा बदलाची जोड-ठिगळे कानाजवळ दिसतात. इथे ती नाहीत.

गंज काढल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. नळ्यांच्या अंगावर नागमोडी रेषा उमटल्या. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, दांड्यावर वेटोळे घालून, तापवून ठोकून ती नळी जोडलेली होती. गंज लोखंडाला जास्त आणि पोलादाला कमी खातो, म्हणून ती वेटोळी उघडी पडली. आणि नळ्यांच्या बुडाशी, खालच्या अंगाला, मुकुटाखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि १३ हा आकडा निघाला. राजदंडांचे चिन्ह बर्मिंगहॅमच्या नळी-तपासणी घराचे; ते घर १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार उडवायचा, नळी फुटली नाही तर शिक्का मारायचा, अशी ती तपासणी. १३ हा आकडा नळीच्या रुंदीचा. एक पौंड शिशाच्या सारख्या तेरा गोळ्या केल्या तर त्यातली एक या नळीत बरोबर बसेल, असा त्याचा अर्थ. रुंदी सुमारे १८ मिलिमीटर भरते. हा आकडा शिक्क्यांबरोबर मारणे १८५५ च्या इंग्लंडातील कायद्यानंतर रूढ झाले. सत्तरीनंतर मागून काडतूस घालण्याच्या बंदुका सर्वत्र पसरल्या. तरी ठासणीचा स्वस्त माल हिंदुस्थानासारख्या बाजारात पुढेही येत राहिला.

तेव्हा निदान असे : बर्मिंगहॅमची, टोपीची, ठासणीची दुनळी; छऱ्र्यांनी डुक्कर-भेकर, पाखरे मारण्याची; १८५५ नंतरची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. ती लढाईची बंदूकच नाही. शिकारीची आहे.

हे मी वाडीच्या बैठकीत सांगितले तेव्हा एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, “सर, इतिहासानं आपल्याला काय दिलं? एक बंदूक तरी राहू द्या की!” लोक हसले, मीही हसलो, पण तो थट्टेने बोलत नव्हता. ज्याला गावात मिशी ठेवल्याबद्दल, घोड्यावरून वरात काढल्याबद्दल मार खावा लागतो, त्याला आपल्या पूर्वजाच्या हातात हत्यार दिसावेसे वाटणे यात वावगे काय आहे? ती भूक खरी आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की ती भागवायला खोट्या वस्तूची गरज नाही.

कोरेगावचा स्तंभ आपल्याला का मोलाचा? तिथे आपण नंतर येऊन काही कोरले म्हणून नव्हे. तो इंग्रजांनी स्वतःच्या विजयाच्या अभिमानाने उभारला, आणि त्यावर पडलेल्या शिपायांची जी नावे कोरली त्यांत ‘नाक’ या शेवटाची बावीस नावे आपोआप राहून गेली. पुरावा म्हणून तो पक्का आहे, कारण तो आपल्यासाठी तयार केलेला नाही. म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी १८९० च्या दशकात लष्करभरतीसाठी जो अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे जो अर्ज पाठवला, त्यांचे बळही कशात होते? आमच्या लोकांनी तुमच्या सैन्यात चाकरी केली आहे, ती तुमच्याच दप्तरात आहे, हे ते सांगत होते. दुसऱ्याच्या दप्तरातून स्वतःचा इतिहास उपटून काढण्याची ही कला आपल्या पूर्वजांनी मोठ्या कष्टाने कमावली. १ जानेवारी २०१८ ला कोरेगावात काय झाले ते आपण पाहिले. त्यानंतर तर आपल्या प्रत्येक दाव्याकडे शत्रूची नजर लागलेली आहे. आपल्या पेटीत १८५५ नंतरची बंदूक आणि तिच्याखाली ‘१८१८’ असा आकडा, हे त्याला आपण होऊन दिलेले कोलीत ठरेल.

आणि बंदुकीचे कौतुकही बेताने करावे. कंपनी सरकारला माणसे हवी होती तोवर महार चांगला शिपाई होता. १८५७ नंतर हवा बदलली, ‘लढाऊ जातीं’चे खूळ निघाले, महाराच्या हुद्द्याखाली वरच्या जातीचा शिपाई राहणार नाही हा हिशेब झाला, आणि १८९२ च्या सुमारास भरती बंद. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. पुन्हा महायुद्ध आले तेव्हा १९४१ मध्ये महार रेजिमेंट. बंदूक हातात द्यायची आणि काढून घ्यायची, हे देणाऱ्याच्या सोयीने चालले. तिच्याबरोबर आलेली एक वस्तू मात्र काढून घेता आली नाही. ती म्हणजे पाटी. पलटणीतल्या शिपायांच्या पोरांना शिकवणे सक्तीचे होते. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते, आणि पेन्शनीनंतर याच दापोलीत येऊन राहिले. वलंगकर पेन्शनर होऊन आले ते ‘विटाळ विध्वंसन’ लिहायला. मला विचाराल तर पलटणीने आपल्याला दिलेली खरी दारू शाळेच्या त्या खोलीत होती. वाचनालयात बंदूक ठेवायला मी तयार झालो तो याच कारणाने.

कोरेगावचा दावा असा मागे पडला, तर दुसरा पुढे आला. गावातल्या जुन्या खोत घराण्याकडून निरोप आला की ती बंदूक आमच्या वाड्यातली, तुमच्यातल्या कोणा गड्याने लांबवलेली. तसे लिहा, किंवा परत करा. पुरावा काय? आजोबांच्या तोंडची गोष्ट. आता हा दावा पहिल्यापेक्षा कालदृष्ट्या जास्त जुळतो, हे मान्य केले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात खोत म्हणजे गावचा राजा. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे बिल मुंबई विधिमंडळात मांडले, १० जानेवारी १९३८ ला त्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. शिकारीची दुनळी असण्याची ऐपत असलेले घर गावात बहुधा तेवढे एकच. पण ‘त्याच्याकडे असू शकत होती’ आणि ‘त्याची होती’ यांत अंतर आहे. तेच अंतर आम्ही कोरेगावच्या बाबतीत राखले, तर खोतांच्या बाबतीत का सोडायचे? आमच्या अंगावर चोरीचा आळ हा गावगाड्याचा सर्वांत जुना पुरावा, आणि सर्वांत स्वस्त. पेन्शनर होऊन आलेल्या एखाद्या नाईक-हवालदाराने साठवलेल्या पैशातून स्वतः बंदूक घेतली असेल, हीही शक्यता तितकीच उभी आहे.

या वादात मला सर्वांत मोलाची साक्ष मिळाली ती वाडीतल्या एका आजींकडून. बंदूक कोणाची याच्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. त्या म्हणाल्या, माझ्या सासऱ्याच्या पोटरीत छर्रे होते. हात लावला की कातडीखाली वाटाण्यागत सरकायचे. शिकारीला खोताची माणसे वाडीवर यायची आणि पुरुष माणसांना हाकेला घेऊन जायची. डबे, थाळ्या वाजवत, ओरडत रान उठवायचे, जनावर पुढे दामटायचे. आणि बंदूकवाले पुढे दबा धरून बसलेले. जनावर आणि माणूस यांच्यामधून बार जायचा. सासऱ्याला लागले तेव्हा पायलीभर भात मिळाला आणि दवाखान्यात काही बोलू नको असे बजावले गेले. शिकारीच्या वाटणीत काय मिळायचे, असे मी विचारले. “आतडी,” त्या म्हणाल्या, “आणि कधी मुंडी.”

शिकारीच्या बंदुकीचा इतिहास असा आहे. तो बंदुकीच्या अंगावर शोधून सापडायचा नाही. महार हा वतनी नोकर. साहेब आला, मामलेदार आला, शिकार निघाली की त्याने जायचे, ओझी वाहायची, वाट दाखवायची. वतनाच्या १८७४ च्या कायद्याने त्या राबणुकीला कागदावर बांधून ठेवले, १९२८ मध्ये बाबासाहेबांनी त्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, आणि कनिष्ठ वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. या सगळ्या काळात गावची राखण करणाऱ्या येसकराच्या हातात काय होते? काठी. चोर आला, दरोडा आला, वाघ आला तर पहिला उभा राहणार तो काठीवाला. बंदूक वाड्यात.

इथे १८७८ च्या शस्त्र कायद्याकडे आले पाहिजे. लिटनच्या राजवटीतले ते साल. देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदा त्याच वर्षीचा, वर सांगितलेला निखात निधीचाही त्याच वर्षीचा : काय छापावे, काय बाळगावे आणि जमिनीत काय सापडावे, या तिन्ही गोष्टींवर सरकारने एका सालात हात ठेवला. परवान्याशिवाय हत्यार बाळगले तर तीन वर्षांपर्यंत कैद. सरकारी माणसाला कळू नये अशा बेताने दडवले तर सात वर्षांपर्यंत. युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसने या कायद्याविरुद्ध १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून ठराव केले. इंग्रजांनी एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र केले, असा त्यांचा आक्रोश होता. पण कोणते राष्ट्र? इंग्रज येण्याआधी ज्यांना हत्याराचा हक्क धर्मानेच नाकारला होता, त्यांच्याकडून १८७८ ने काय काढून घेतले? १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात बाबासाहेबांनी हा प्रश्न मुळापासून तपासला आहे. इतर देशांत सामाजिक क्रांत्या झाल्या, इथे का झाल्या नाहीत, याचे त्यांनी दिलेले एक कारण असे की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांकडून हत्यार, विद्या आणि धन ही तिन्ही साधने हिरावून घेतली. नांगर हाती दिला, पण त्याच्या फाळाची तलवार करण्याची मुभा ठेवली नाही. शस्त्रबंदी आपल्याकडे आधी शास्त्राने केली. लिटनने तिला परवान्याचा कागद जोडला, आणि परवाना ‘इभ्रतदार’ माणसाला मिळे. गावात इभ्रत कोणाला असते हे मामलेदाराला सांगावे लागत नसे.

म्हणून मला त्या डाव्या नळीतल्या बाराविषयी राहून राहून कुतूहल वाटते. हत्यार विकायचे असेल तर कोणी भरून ठेवत नाही. नको झाले असेल तर विहिरीत टाकतो. महारवाड्यातल्या एका माणसाने सात वर्षांच्या कैदेची जोखीम घेऊन, तरटात गुंडाळून, बार भरून ती स्वतःच्या घराच्या भिंतीत चिणली. चोरलेली असो, विकत घेतलेली असो की कोणी साहेबाने जाताना दिलेली असो, तिचा उपयोग पडेल असा दिवस येईल असे त्याला वाटत होते. यापुढे एक पाऊलही मला पुरावा नेत नाही, आणि मी जाणार नाही.

हा विषय जुन्या काळातच संपलेला नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम किती कार्यकर्त्यांनी वाचले आहेत? त्यातला तिसरा नियम सांगतो की अत्याचारप्रवण भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने राज्य सरकारने गरज वाटल्यास रद्द करावेत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत, आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीव व मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्यावेत. कागदावर आहे हे. गावोगाव बंदूक कोणाच्या नावावर आहे याची यादी माहितीच्या अधिकारात मागवावी, म्हणजे गावगाड्याचा आजचा नकाशा हाती येईल. मी हत्यारे गोळा करा असे म्हणत नाही. नियम वाचा असे म्हणतो.

आता मांडणीविषयी थोडे. आमच्यातल्या उत्साही मंडळींची इच्छा होती की बंदूक घासूनपुसून लखलखीत करावी, तुटका घोडा नवा बसवावा, दस्त्याला पॉलिश मारावे आणि भिंतीवर तिरपी टांगावी. याला विरोध करताना मी त्यांना अमेरिकेतल्या एका बंदुकीची हकीकत सांगितली. नेवाडा राज्यातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या पुरातत्त्व कर्मचाऱ्यांना जुनिपरच्या झाडाला टेकून उभी असलेली एक विंचेस्टर रायफल दिसली. दस्ता काही इंच मातीत रुतलेला, लाकूड उन्हापावसाने झाडासारखेच करडे झालेले. तिच्यावर कारखान्याचा क्रमांक होता. दप्तरातून कळले की ती १८८२ ची. वायोमिंगमधल्या कोडी येथील बंदुकांच्या संग्रहालयात तिची निगा राखली गेली. दवाखान्यात नेऊन तिचा एक्स-रे काढला, तेव्हा दस्त्याच्या पोकळीत एक जुने काडतूस निघाले. एवढी साधने, एवढी दप्तरे, तरी ती झाडाला कोणी टेकवली हे त्यांना कळले नाही. आणि त्यांनी ते कळल्याचा आव आणला नाही. लाकडाच्या भेगा आणि गंज जसाच्या तसा ठेवून ती लोकांसमोर मांडली. शोशोनी लोकांच्या त्या मुलखात ती बंदूक कोणाविरुद्ध फिरत होती, हे विचारायला मात्र आपल्यासारखाच कोणी तरी हवा. पण मांडणीचा धडा घेण्यासारखा आहे.

आम्ही तेच केले. सुटा तांबडा गंज मऊ कुंचल्याने आणि बांबूच्या कामटीने काढला. तारेचा ब्रश वापरला असता तर राजदंडांचे चिन्ह पुसले गेले असते. मग जाणकारांच्या सल्ल्याने नळ्यांना टॅनिक आम्लाचा हात दिला, म्हणजे उरलेला गंज काळा होऊन थांबतो. हे टॅनिक आम्ल म्हणजे दुसरे काही नव्हे, हिरड्यातला आणि बाभळीच्या सालीतला तुरट अंश. याच्यावरच आपल्या ढोर बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावली, आणि त्याच कामासाठी त्यांना गावाबाहेर ठेवले. आता संग्रहालयाची माणसे त्याला शास्त्र म्हणतात. घोडा तुटलेलाच ठेवला. बंदूक टांगली नाही, आडवी ठेवली; भिंतीवर टांगण्याची तऱ्हा वाड्याची आहे, ती आपण कशाला उचलायची?

पेटीत तिच्याशेजारी डाव्या नळीतले छर्रे एका बाटलीत आहेत. दुसऱ्या बाजूला येसकराची एक जुनी काठी, जी एका घराने आपण होऊन आणून दिली. चिठ्ठी पुढीलप्रमाणे लावली आहे, आणि वाद चालू असला तरी ती अजून तशीच आहे :

‘टोपीची ठासणीची दुनळी बंदूक. बर्मिंगहॅम बनावट, १८५५ नंतरची. बौद्धवाडीतील पडक्या घराच्या भिंतीत दडवलेली सापडली. सापडली तेव्हा डाव्या नळीत बार भरलेला होता. मालकाचे नाव ज्ञात नाही. अशा बंदुकांच्या शिकारीत या वाडीतील माणसे हाकेला नेली जात.’

खोत घराण्यातले एक गृहस्थ येऊन ती वाचून गेले. शेवटचे वाक्य काढा, म्हणाले. मी त्यांना आजींच्या घरचा पत्ता दिला. ते तिकडे गेले नाहीत. कोरेगावचा आग्रह धरणारा तो तरुण आता तालुक्यातल्या पेन्शनरांच्या घरांतून जुनी डिस्चार्ज बुके, पेन्शनची कागदपत्रे, पदके गोळा करतो आहे. पहिल्या महायुद्धातल्या १११ व्या पलटणीची काही हाती लागतील अशी त्याला आशा आहे. पेटीतल्या सिलिका जेलच्या पुड्या कोकणच्या पावसात लवकर ओल धरतात. त्या दर पंधरवड्याला काढून तव्यावर कोरड्या करून परत ठेवाव्या लागतात. ते काम वाचनालयात अभ्यासाला बसणाऱ्या दहावीच्या मुलींनी पाळीपाळीने वाटून घेतले आहे.